मुळांवरची बटई

मेथीची जुडी निवडायला घेतली की पहिली सुरी मुळांवर चालते. मातीसकट ती ओल्या कचऱ्यात जातात आणि आपण पानांकडे वळतो. कधी सवड असेल तर त्यातलं एखादं मूळ नळाखाली धरून बघा. जुडी मुळासकट उपटलेली असेल आणि वाफ्यात युरियाचा मारा झालेला नसेल, तर बारीक तंतूंना मोहरीएवढे पांढरट-गुलाबी दाणे चिकटलेले दिसतील. धुतले तरी ते सुटत नाहीत. नखानं ओढले तर मुळाचा तुकडा घेऊनच येतात. आमच्या घरी वर्षानुवर्षं त्यांना ‘कीड’ म्हणत आणि अशी जुडी देणाऱ्या भाजीवालीच्या नावानं दोन शब्द काढत. त्या बिचारीनं खरं तर चांगल्या रानातली भाजी दिलेली असायची.

ते दाणे म्हणजे कीड नव्हे, आत जिवाणू राहतात अशा गाठी. मेथीच्या गाठी तशा चिमुकल्या. नीट बघायच्या तर सोयाबीनच्या बघाव्यात, पेरणीनंतर सवा-दीड महिन्यानं, फुलं लागायच्या सुमाराला. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, त्यामुळे सोयाबीनला तोटा नाही. पावसानं उघडीप दिली आणि रान वाफशावर आलं की काका खुरपं घेऊन तासात बसतात. “हातानं हिसका देऊन उपटू नको,” ते प्रत्येक वेळी सांगतात, “गाठी मातीतच राहतात. खालून घे.” मग ढेकळासकट काढलेलं झाड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं. काळी माती हळूहळू सुटते, पाणी गढूळ होतं, आणि सोटमुळाच्या वरच्या भागाला लगडलेल्या गोल, खरबरीत गाठी वर येतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. काका दाढीच्या पात्यानं त्यातली एक मधोमध कापतात. आत लालसर गुलाबी. बोट लावलं तर बोटाला डाग पडतो.

लाल निघाली तर गाठ कामाची. हिरवट, करडी निघाली तर तिचं आयुष्य सरलं. आणि आतून पांढरीच असेल तर एक तर ती अजून कोवळी, नाहीतर कधी कामाला लागलीच नाही. काका जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पण ही परीक्षा कुठल्याही कृषी पदवीधराला मान्य व्हावी अशी.

तो रंग खरोखरच रक्ताचा आहे. 1939 साली कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की गाठीतलं ते लाल द्रव्य म्हणजे एक प्रकारचं हिमोग्लोबिन. आज त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. झाडाला ना फुप्फुस, ना काळीज, मग रक्ताचं द्रव्य त्याला कशाला लागावं? (अमेरिकेत एका कंपनीनं याच सोयाबीनच्या हिमोग्लोबिनचं जनुक यीस्टमध्ये घालून शाकाहारी बर्गरला मांसाचा रंग आणि चव आणली आहे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं.)

उत्तरासाठी हवेकडे जावं लागतं. आपल्या भोवतालच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, शेतकऱ्याच्या भाषेत नत्र. पण या वायूचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं असे आवळलेले असतात की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पिकं त्या नत्राच्या समुद्रात बुडून उभी असतात आणि तरी नत्राअभावी पिवळी पडतात. हा बंध कारखान्यात तोडायची युक्ती फ्रित्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, आणि कार्ल बॉश यांनी ती वाढवून 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे कारखाना उभा केला. चारशे-पाचशे अंश तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब, आणि हायड्रोजनसाठी इंधन. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न या एका प्रक्रियेच्या आधारानं पिकतं, असा अंदाज आहे. अलिबागजवळ थळला जो युरियाचा मोठा कारखाना दिसतो, त्याच्या पोटात हेच चालतं.

तोच बंध गाठीतला जिवाणू साध्या मातीच्या तापमानाला, पावसाळी दुपारी, आवाज न करता तोडतो. त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, लोह आणि मॉलिब्डेनम पोटात धरून बसलेलं. काम फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडून त्याचा अमोनिया करायला पेशीतल्या ऊर्जेचं चलन, म्हणजे एटीपी, त्याचे किमान 16 रेणू खर्ची पडतात. एवढं एटीपी तयार करायला भरपूर श्वसन हवं, श्वसनाला ऑक्सिजन हवा. आणि इथेच मेख आहे: नायट्रोजिनेज ऑक्सिजनच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही, कायमचं निकामी होतं. ऑक्सिजन पाहिजेच, आणि मोकळा तर अजिबात नको. लेगहिमोग्लोबिन हा पेच सोडवतं. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं, जिवाणूच्या दारापर्यंत नेतं आणि लागेल तेवढाच सोडतं. गाठ लाल आहे याचा अर्थ आत हा पुरवठा सुरू आहे. काकांचं पातं नेमकं तेच तपासतं.

हे सगळं माणसाला कळायला फार उशीर लागला, आणि उशीर लागण्याचं कारण मोठं गमतीचं आहे. डाळवर्गीय पिकानंतर रान सुधारतं हे जगभरच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये रोथामस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या जोडीनं, प्यू नावाच्या अमेरिकन सहकाऱ्याला घेऊन, 1857 च्या सुमारास याची तड लावायचं ठरवलं. त्यांची शिस्त अशी की मातीत आधीचं नत्र कणभरही राहू नये म्हणून त्यांनी माती भाजून घेतली आणि झाडं काचेच्या झाकणाखाली वाढवली. निष्कर्ष निघाला: झाडं हवेतलं नत्र घेत नाहीत. प्रयोगात खोट नव्हती. फक्त माती भाजताना जे नत्र घेणार होते तेच जळून गेले होते.

तीसेक वर्षांनी जर्मनीत बेर्नबुर्गला हेर्मान हेलरिगेल आणि हेर्मान विलफार्ट यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा लावला. ओटचा हिशेब सरळ होता. जेवढं नत्र द्यावं तेवढी वाढ, नाही दिलं तर उपाशी. वाटाण्यानं मात्र ताळतंत्रच सोडला. नत्र न दिलेल्या कुंड्यांत काही झाडं खंगून मेली आणि शेजारचीच काही तरारून वाढली. दुसऱ्या कुणी अशी आकडेवारी ‘बिघडलेली’ म्हणून बाजूला टाकली असती. यांनी त्या बिघाडाचाच पिच्छा पुरवला. मुळं पाहिली तर तरारलेल्या झाडांना गाठी होत्या, खंगलेल्यांना नव्हत्या. मग कुंडीत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की सगळी झाडं वाढत. तेच पाणी उकळून घातलं की नाही. म्हणजे पाण्यात काहीतरी जिवंत होतं. 1886 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. दोनच वर्षांत, डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला असलेल्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. मला या कहाणीत वाटाण्याच्या त्या बेशिस्त कुंड्या फार आवडतात.

आता पुढचा भाग, जो शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात: ‘झाड जिवाणूला अन्न देते, जिवाणू झाडाला नत्र देतो, याला सहजीवन म्हणतात.’ वाचताना डोळ्यांपुढे गळ्यात गळा घातलेले दोन मित्र येतात. जवळून पाहिलं तर मला आमच्या भागातली बटई आठवते. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे. बी कुणी घालायचं, खत कुणी, खळ्यावर वाटणी कशी, हे पाडव्याला ठरतं. दोघांत प्रेम असलं तर उत्तमच, पण नसलं तरी चालतं. मालकाचं लक्ष मात्र हवं.

बोलणी लांबूनच सुरू होतात. नत्राला आसुसलेलं मूळ मातीत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. प्रत्येक पिकाचं मिश्रण वेगळं, त्यामुळे हरभऱ्याकडे येणारा जिवाणू निराळा आणि सोयाबीनकडे येणारा निराळा. ओळखीचा जिवाणू उलट जबाब पाठवतो. 1990 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी या जबाबाच्या रेणूची घडण उलगडली. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात, आणि तो इतका परिणामकारक की अत्यल्प मात्रेतही मुळावरचा केस वाकू लागतो. वाकता वाकता केस जिवाणूला आपल्या कवेत घेतो, आतून एक बारीक नळी तयार होते, आणि त्या नळीतून जिवाणू वाढत वाढत मुळाच्या गाभ्याकडे जातात. तिकडे मुळाच्या पेशी आधीच विभागू लागलेल्या असतात. पाहुणा पोचायच्या आत खोली बांधायला घेतलेली! भुईमुगाचं मात्र सगळंच जगावेगळं. तिथे ना केस वाकणं, ना नळी. बाजूची मुळं फुटताना पडलेल्या भेगेतून जिवाणू सरळ आत शिरतो.

आत गेल्यावरही त्याला मोकळं सोडत नाहीत. झाड त्याच्याभोवती स्वतःचं एक पटल गुंडाळतं. साखरेपासून बनलेली सेंद्रिय आम्लं आत जाणार, अमोनिया बाहेर येणार, सगळं त्या पटलातून. आणि काम नीट होतंय की नाही याची तपासणीही होते. टोबी कियर्स, फोर्ड डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सोयाबीनवर एक फार हुशार प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरला. जिवाणू धडधाकट, काम करायला तयार, पण फोडायला नत्रच नाही. झाडाच्या दृष्टीनं तो कामचुकार ठरला. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ शेजारच्या कामसू गाठींच्या मानानं निम्म्यावर राहिली. एकेका गाठीचा हिशेब वेगळा. एकाच मुळावर एकाला पोसायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे कुठल्याही मेंदूविना!

हा कारभार एकतर्फी नसतो, पण समानही नसतो, आणि पिकापिकाप्रमाणे बदलतो. सोयाबीनच्या गाठी वठल्या की आतले जिवाणू सुटून परत मातीत जातात, पुन्हा आपला संसार थाटतात. त्यांच्या वाट्याला काहीतरी येतं. मेथी, वाटाणा, लसूणघास यांच्याकडे मात्र कडक कायदा. ही झाडं जिवाणूंवर खास प्रथिनांचे तुकडे सोडतात. त्यानं जिवाणू फुगतो, त्याच्या आत डीएनएच्या प्रती वाढत जातात, आणि तो पुन्हा कधीच विभागू शकत नाही. नत्र भरपूर देतो, वंश संपतो. गाठीत जे न बदललेले भाऊबंद उरतात तेवढेच काय ते पुढे जातात. आपण कचऱ्यात टाकलेल्या मेथीच्या मुळात हे सगळं घडून गेलेलं असतं.

झाडालाही हा सौदा स्वस्त नाही. एक ग्रॅम नत्रामागे सुमारे 6 ग्रॅम कार्बन मोजावा लागतो, आणि तो उन्हात राबून कमावलेला. म्हणून झाड गाठींची संख्या आटोक्यात ठेवतं. पहिल्या काही गाठी बसल्या की मुळाकडून पानांकडे निरोप जातो आणि वरून ‘आता पुरे’ असा हुकूम खाली येतो. सोयाबीनची अशी काही वाणं प्रयोगशाळांत आहेत ज्यांत हा हुकूमच सुटत नाही. त्यांच्या मुळांवर गाठींचे घोस लागतात आणि झाड खुरटतं. आणि ज्यांना हा खर्च परवडेनासा झाला त्यांनी सौदा सोडूनही दिला असावा. शेंगा धरणारं प्रत्येक झाड गाठी धरतंच असं नाही. चिंच, बहावा, दसऱ्याला लुटायचा आपटा, पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारा टाकळा, सगळे याच मोठ्या कुळातले, पण यांच्या मुळांवर गाठी शोधून सापडत नाहीत. उलट कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड शेंगकुळातलं नाही. त्यानं फ्रँकिया नावाच्या दुसऱ्याच जिवाणूशी बोलणी करून नुसत्या वाळूत पाय रोवले आहेत.

मग रानाला यातून काय मिळतं? इथे आमच्या भागात एक ठाम समजूत आहे आणि ती मला अर्धीच खरी वाटते. सोयाबीन घेतलं की रान सुधारतं, असं सगळे म्हणतात. हिशेब मांडून बघू. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे 6 टक्क्यांहून थोडं जास्त नत्र. 10 क्विंटल माल आडतीवर गेला की त्याच्याबरोबर 60 किलोहून अधिक नत्र गेलं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतं 20 किलोच्या वर थोडं. म्हणजे तीन गोण्या पोत्यांत भरून आपण लातूरच्या बाजारात नेऊन विकल्या. झाडानं घेतलेल्या एकूण नत्रातलं साधारण निम्मं किंवा थोडं अधिक हवेतलं असतं, उरलेलं मातीतूनच उचललेलं. त्यात भुसकटही बाहेर गेलं तर मातीच्या खात्यात बऱ्याचदा तूटच पडते. गाठीतलं नत्र मातीसाठी नसतंच. ते झाडासाठी, आणि झाडाकडून दाण्यासाठी. मातीला मिळतं ते झाडाचं जे काही तिथेच कुजतं तेवढं.

तुरीचा बेवड, म्हणजे पीक निघाल्यावर रानाला मागे उरणारा कस, चांगला म्हणतात तो याच कारणानं. तूर पाच-सहा महिने रानात उभी राहते, पानगळ जागेवरच होते, सोटमूळ खोल जातं आणि तिथेच कुजतं. तुराट्या चुलीला गेल्या तरी पाला मातीला मिळालेला असतो. ताग किंवा धैंचा तर फुलात आला की नांगराखाली गाडायचाच असतो. त्यात दाण्याचा लोभ नाही, म्हणून मातीच्या पदरात सगळं पडतं. जुनी माणसं ज्वारीत तूर, कापसात तूर घालत. त्या तुरीचं नत्र शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात फारसं मिळत नाही, पुढच्या पिकाला मिळतं. म्हाताऱ्यांना हे सांगून पटलं असतं असं नाही, आणि पटवण्याची गरजही नव्हती. त्यांचं रान चाललं होतं.

सोयाबीनची आणखी एक अडचण. तूर, मूग, उडीद, चवळी यांचे जिवाणू आपल्या मातीत मुळातच आहेत. सोयाबीन पाहुणं पीक, त्याचा ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू वेगळा, म्हणून नव्या रानात तो बियाणाबरोबर द्यावा लागला. त्यासाठी कल्चरचं, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचं, पाकीट मिळतं, 250 ग्रॅमचं, 10 किलो बियाणाला एक. गुळाच्या पाण्यात कालवून बी हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, नाहीतर एकानं दुसऱ्याला मारलं असं होतं. पाकिटात जिवंत जीव आहेत हे दुकानदाराच्या लक्षात असेलच असं नाही. तालुक्याच्या एका दुकानात मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखाली ती पाकिटं रचून ठेवलेली मी पाहिली आहेत. मेलेलं कल्चर आणि जिवंत कल्चर दिसायला सारखंच. कळतं ते दीड महिन्यानं, बादलीत.

आणि मग येतो युरिया. त्याचं मातीत नायट्रेट, म्हणजे मुळांना थेट घेता येणारं नत्र, होतं, आणि ते मुबलक झालं की झाड गाठी बसवणंच आखडतं घेतं, बसलेल्यांचं काम मंदावतं. झाडाच्या बाजूनं हे शहाणपणाचंच आहे. दारात फुकट येत असेल तर बटईदार कशाला पोसायचा? फुकट मात्र फक्त झाडाला. सरकारच्या अनुदानामुळे गोणीची किंमत 266 रुपयांच्या आसपास राहते, त्यामुळे शेतकऱ्यालाही हात आखडायला कारण नाही. त्यात सोयाबीन पिवळं दिसलं की लोक घाबरतात. आमच्या चुनखडीच्या रानात पिवळेपणा पुष्कळदा लोहाच्या टंचाईचा असतो: वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. पाणी साचलं तरी गाठी गुदमरून पीक पिवळं पडतं. तिन्हीला गावात औषध एकच, युरियाची मूठ. गाठींना खरी भूक असते ती स्फुरदाची (फॉस्फरसची), कारण ते एटीपी स्फुरदाशिवाय बनतच नाही. पण स्फुरद टाकल्यानं चार दिवसांत रान हिरवं दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही नाही.

यंदा काकांनी पेरणीबरोबर द्यायचं तेवढंच खत दिलं आणि वरून युरिया टाकायचा नाही असं ठरवलं. लाल गाठी निघाल्यावर तर ते हटूनच बसले. पण शेजारच्या रानात दोनदा युरिया पडला होता आणि ते बांधावरून डोळ्यांत भरत होतं.

“लोकाचं रान कसं काळंभोर दिसायलंय बघा,” काकू रोज जेवताना म्हणायची, “आन आपलं बसलंय फिक्कं होऊन.”

“त्याच्या गाठी फोडून बघ जा एकदा,” काका शेवटी वैतागून बोलले.

काकू खरंच गेली. शेजारणीला सांगून दोन झाडं खुरप्यानं काढली, मोटारीच्या पाण्यात धुतली आणि दाताखाली धरूनच गाठ फोडली असावी, कारण पातं घरीच होतं. परत येऊन पदराला हात पुसत म्हणाली, “त्याच्यापण लालच हायत की.”

काका जेवता जेवता थांबले. “किती हायत?”

“ते काय मी मोजत बसले नाही,” म्हणत काकूनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.